सेमीकोलनचं भांडण मशीनकडे द्या!

फायनल इयर प्रोजेक्ट, चौघांचा ग्रुप. एकाला टॅब हवा, दुसरीला दोन स्पेस. तिसरा सेमीकोलन देतच नाही, ‘चालतंय की त्याच्याशिवाय!’ चौथ्याच्या एडिटरमध्ये सेव्ह केलं की कोड आपोआप फॉरमॅट होतो. त्याने लॉगिनच्या फाइलमध्ये दोन ओळी बदलल्या, पण गिटच्या हिशेबात जवळपास अख्खी फाइल बदलली. आता ‘गिट ब्लेम’मध्ये त्या ओळींवर त्याचं नाव. लॉगिन लिहिणारी वेगळीच! मॅडम गिट बघून मार्क देणार असतील, तर हे भांडण फक्त स्पेसचं उरत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये हा वाद रंगतो, कारण भाषाच मोकळीक देते. सेमीकोलन नसला तरी बहुतेक ठिकाणी ती स्वतःच धरून घेते. पण ‘रिटर्न’ लिहून एंटर मारलं आणि बेरीज खालच्या ओळीवर लिहिली, की हातात येतं ‘अनडिफाइन्ड’. एररसुद्धा नाही. (सेमीकोलनवाल्यांनी हुरळू नये, बेरजेपुढे तो दिला तरी हेच होतं.)

बरं, थोरामोठ्यांचंही एकमत नाही. एअरबीएनबीच्या नियमांत सेमीकोलन हवाच, ‘स्टँडर्ड’च्या नियमांत नकोच. म्हणून 2017 मध्ये आलेलं प्रेटियर कामाचं. ते कोड स्वतःच्या पद्धतीने नव्याने मांडतं आणि पर्याय मुद्दाम मोजकेच देतं. न वापरलेलं व्हेरिएबल वगैरे पकडायला ईएसलिंट आहेच. दोघांची कामं वेगळी, गल्लत नको.

पहिल्याच दिवशी सेटिंगची फाइल प्रोजेक्टमध्ये टाका आणि सगळ्यांकडे प्रेटियरचं एकच व्हर्जन ठेवा. व्हर्जन बदललं की डिफॉल्टही बदलू शकतात. प्रोजेक्ट अर्धा झालाय? मग सगळ्यांचं काम मर्ज झाल्यावर फक्त फॉरमॅटिंगची एक वेगळी कमिट करा. 2019 पासून गिट ब्लेमला ‘ही कमिट वगळ’ असं सांगता येतं.

माझ्या मते वाद घालण्यासारखा मुद्दा एकच, टॅब की स्पेस. टॅबची रुंदी प्रत्येकाला आपल्या एडिटरमध्ये कमी-जास्त करता येते. कमी दिसणारे काही जण अक्षर खूप मोठं करून कोड वाचतात, त्यांना याचा खरंच फायदा होतो. प्रेटियरचं डिफॉल्ट दोन स्पेसचं आहे, पण टॅबसाठी एकच सेटिंग बदलावं लागतं. ते ठरवण्याआधी ग्रुपमध्ये कोणाला गरज आहे का, एवढं विचारून घ्या.