न मागितलेले गाणे

आमच्या सांगलीच्या घरात रेडिओ एकच होता आणि तो अण्णांचा होता. अण्णा वखारभागात हळदीच्या एका अडतीत दिवाणजी. मर्फीचा जुना सेट त्यांनी हप्त्याने घेतला होता. बटण फिरवले की काचेमागे दिवा लागे, पण आवाज यायला मिनिटभर थांबावे लागे. आतले व्हॉल्व्ह तापायचे असत. त्या मिनिटात कुणी बोलायचे नाही, असा घरचा अलिखित नियम होता.

आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. शाळेची वेळ, दुकानाची वेळ, आईच्या कुकरची वेळ, सगळे या केंद्रावर चाले. पहाटे भक्तिगीते, मग बातम्या, शेतीचा सल्ला, नाट्यगीते, एखाद्या स्थानिक गायकाचा ख्याल आणि फर्माईशी चित्रपटगीते. एकामागून एक जे येईल ते ऐकायचे. मिसळीत शेव कुठली आणि फरसाण कुठले, हे जसे कुणी निवडत बसत नाही, तसे.

हा शेजार सहज जमलेला नव्हता. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांना सिनेमाचे संगीत उथळ वाटे. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. श्रोत्यांनी काय करावे? त्यांनी काटा सरळ रेडिओ सिलोनकडे वळवला. अमीन सायानींच्या बिनाका गीतमालेसाठी बुधवारी रात्री आठला घराघरांत कान टवकारले जाऊ लागले. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारने सिनेमाच्या गाण्याला पुन्हा घरात घेतले.

आमच्या घरीही असाच तह झाला होता. बुधवार माझा, शनिवार अण्णांचा. शनिवारी रात्री साडेनऊला राष्ट्रीय कार्यक्रम लागला की अण्णा आरामखुर्चीत डोळे मिटून बसत.

१९७४ सालची गोष्ट. मी सोळा वर्षांचा. एका शनिवारी विलंबित ख्याल चालला होता. अण्णांना डुलकी लागली आहे असे समजून मी दहाच्या ठोक्याला बटण फिरवले आणि विविध भारतीवर छायागीत लावले. अण्णांनी डोळे उघडले. ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "तो अजून तानेपर्यंत पोचला नव्हता रे." आणि उठून अंथरुणाकडे गेले.

पुढचे तीन शनिवार त्यांनी रेडिओ लावलाच नाही. आई माझ्याकडे नुसती बघायची. मारले असते तर बरे, असे मला वाटू लागले होते.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी फर्माईशी गाण्यांत 'बसंत बहार' या १९५६ च्या चित्रपटातले गाणे लागले. अण्णा जेवत होते. हातातला घास तसाच ठेवून ते बाहेर आले. "कोण गातंय?" मी निवेदन ऐकले होते. सांगितले, "मन्ना डे आणि भीमसेन जोशी." ते उष्ट्या हातानेच उंबऱ्यावर टेकले.

"हा तर मिरजेचा गळा," ते म्हणाले. मग त्यांनी मला ती वंशावळ सांगितली. अब्दुल करीम खाँ मिरजेत येऊन राहिले, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे भीमसेन. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होते, तिथे अण्णा दरवर्षी रात्र जागवत. सिनेमात या जुगलबंदीत नायक जिंकतो, म्हणजे भीमसेन हरतात, असे मी म्हणालो. अण्णा महिन्यात पहिल्यांदा हसले. "असं हरायलासुद्धा केवढं गाणं लागतं!"

त्या शनिवारी साडेनऊला रेडिओ लागला आणि मी त्यांच्या शेजारी बसलो. तान आली तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हलकेच थाप मारली.

पुढे बँकेत लागलो. नव्वदच्या दशकात सातारा जिल्ह्यात बदली झाली. साताऱ्यालाही तोवर आकाशवाणीचे एफएम केंद्र आले होते. आवाज स्वच्छ, पण एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संपले. सांगलीच्या मध्यम लहरी जमिनीच्या अंगाने वळसे घेत पसरतात, त्यामुळे डोंगराआडच्या गावांना खरखरीसकट त्यांचाच आधार असे.

एका दुपारी रोकड जुळत नव्हती. फरक ५४० रुपयांचा. नऊने भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडलेले. मी खतावणी उपसत होतो आणि दाराशी सुरक्षारक्षकाचा ट्रान्झिस्टर चालू होता. ते माजी सैनिक. ख्याल सुरू झाला तसे ते म्हणाले, "साहेब, हे 'मेरा साया'तल्या मदनमोहनच्या गाण्यासारखं वाटतंय का?" थोड्या वेळाने निवेदिकेने राग सांगितला: भीमपलास. पैज जिंकल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला. मैफल त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांचा गुरू म्हणजे विविध भारतीवरची 'संगीत सरिता'.

अण्णा ख्यालाकडून सिनेमाच्या गाण्याकडे आले, हे गृहस्थ गाण्याकडून ख्यालाकडे गेले. दोघांनीही ते मागितले नव्हते. केंद्रात बसलेल्या कुणा कार्यक्रम अधिकाऱ्याने एकापुढे दुसरे मांडून ठेवले, एवढेच. स्थानिक केंद्राचा जमाखर्च कुणी मांडायला घेतला, तर ही जमेची बाजू कुठल्या रकान्यात लिहायची, हे मला तीस-पस्तीस वर्षे खतावण्या लिहूनही सांगता येणार नाही.

आज माझ्या नातीच्या मोबाईलमध्ये जगातले सगळे गाणे आहे. तिला आवडले की तसलेच आणखी दहा समोर येतात. न आवडणारे काही तिच्या वाटेलाच जात नाही. तिचा काही दोष नाही. सोळाव्या वर्षी असे बटण मिळाले असते तर मीही तेच केले असते.

परवा सकाळी मी रेडिओ लावला होता. ती शेजारी येऊन बसली. दोन मिनिटांनी म्हणाली, "आजोबा, हे पुढं ढकलता येत नाही का?"

"नाही गं," मी म्हणालो. "तो अजून तानेपर्यंत पोचलेला नाही."

ती आणखी थोडा वेळ बसली आणि तान यायच्या आधीच उठून गेली. मी आवाज जरा मोठा केला, आतल्या खोलीपर्यंत जाईल एवढा.