विश्रांतीचा दिवस, चालण्याचा दिवस

सेवानिवृत्तीनंतर आम्ही चार जुन्या सहकाऱ्यांनी एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत पदभ्रमण करण्याचा बेत आखला. कार्यक्रम तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. लुक्ला, फाकडिंग, नामचे बाजार अशा मुक्कामांची यादी करताना नामचेपुढे 'विश्रांती' हा शब्द पाहून मी थबकलो. चालायला लागून दोन दिवस होतात न होतात तोच विश्रांती कशाला? एका दिवसाचा खर्च वाचेल, या विचाराने मी तो दिवस खोडणार होतो. परंतु आमच्या शाखेत अनेक वर्षे रोखपाल असलेल्या मित्राने मला अडवले. "राहू द्या साहेब, थोडी शिल्लक असावी गाठीला," ते म्हणाले.

त्या शिल्लकीचे मोल पुढे त्यांच्याच बाबतीत कळायचे होते.

फाकडिंग सुमारे २,६१० मीटर उंचीवर आहे, तर नामचे ३,४४० मीटरवर. दूधकोशी नदीवरील झुलते पूल ओलांडून एकाच दिवसात आठशे मीटरहून अधिक उंची गाठावी लागते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. परंतु उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि नामचेत प्रत्येक श्वासागणिक समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. शरीर याच्याशी जुळवून घेते. श्वास जलद होतो, रक्तात हळूहळू बदल घडतात. मात्र त्यासाठी वेळ द्यावा लागतो. म्हणूनच येथील विश्रांती म्हणजे अंथरुणात पडून राहणे नव्हे. दिवसा आणखी वर चढून जायचे आणि झोपायला खाली परतायचे, अशी ही रीत आहे.

सकाळी आम्ही निघालो. नालेच्या आकाराच्या डोंगरकुशीत पायऱ्यापायऱ्यांनी वसलेले नामचे खाली राहिले. समोर कोंगदेची हिमशिखरे उन्हात उजळली होती. प्रार्थना कोरलेल्या मणीशिळा उजव्या हाताला ठेवून पुढे जावे, हा येथील शिरस्ता आमच्या शेर्पा वाटाड्याने सांगितला. स्यांगबोचेच्या माळावरून ३,८८० मीटर उंचीवरील एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत जायचे होते. एका वळणावर एव्हरेस्ट, ल्होत्से आणि आमा दब्लम एकदम सामोरे आले, आणि आम्ही सारे निःशब्द झालो.

तेवढ्यात माझ्या ध्यानात आले की रोखपाल मागे राहिले आहेत. एरवी सर्वांत पुढे चालणारा हा माणूस एका दगडावर डोके धरून बसला होता. "काही नाही, ऊन लागलं जरा," ते म्हणाले. वाटाड्या त्यांच्याजवळ बसला आणि शांतपणे विचारू लागला, "दाजू, रात्री झोप लागली? सकाळी जेवण गेलं?" अखेर खरे बाहेर आले. आदल्या संध्याकाळपासून डोके ठणकत होते, अन्नावर वासना नव्हती, मळमळत होते.

"सांगितलं का नाहीत?" मी जरा रागानेच विचारले.

"माझ्यामुळे तुम्हा सर्वांचा बेत मोडेल, साहेब."

आम्ही तेथूनच नामचेला परतलो. उंचीच्या आजाराचे नियम थोडे, पण कडक आहेत. लक्षणे असताना अधिक उंचीवर झोपायचे नाही; लक्षणे वाढली तर दिवस असो वा रात्र, खाली उतरायचे. दुर्लक्ष केल्यास फुफ्फुसांत पाणी होते किंवा मेंदूला सूज येते, आणि मग प्राणावर बेतते. विश्रांतीचा तो दिवस मी खोडला असता, तर त्याच दिवशी दुपारी आम्ही सामानसुमानासह वरच्या मुक्कामाकडे निघालो असतो आणि आमचे मित्र दुखणे लपवून चालतच राहिले असते.

त्यांना बरे वाटायला आणखी दोन दिवस लागले. हाताशी असलेले राखीव दिवस लुक्ल्याच्या लहरी हवामानासाठी ठेवणे भाग होते. रात्री चुलीभोवती बसून आम्ही दिवसांचा हिशेब मांडला. ५,३६४ मीटरवरील तळ आता त्यात बसत नव्हता. रोखपाल म्हणाले, "तुम्ही तिघे जा, मी इथे थांबतो." कोणीच त्यांना उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने एकाने कार्यक्रमाचा कागद घेतला आणि तेंगबोचेच्या पुढची सारी नावे खोडून टाकली.

प्रकृती पूर्ण सावरल्यावर आम्ही चौघेही रमतगमत तेंगबोचेच्या मठापर्यंत गेलो. सायंकाळी आमा दब्लमवर सोनेरी प्रकाश पसरला होता. दूरवर एव्हरेस्टचा माथा डोंगररांगेमागून डोकावत होता. तेथूनच आम्ही माघारी वळलो.

आपणांपैकी कोणी या वाटेने जाणार असतील, तर दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. निघण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि कार्यक्रमातील विश्रांतीच्या दिवसाला कधीही कात्री लावू नये. डोके दुखू लागले, तर संकोच न करता त्याच क्षणी सोबत्यांना सांगावे.

तो कार्यक्रमाचा कागद मी अजून जपून ठेवला आहे. त्यावर अर्ध्याहून अधिक मुक्कामांवर काट मारलेली आहे. 'नामचे – विश्रांती' ही ओळ मात्र तशीच आहे.