गाळातलं कासव मेलेलं नसतं

एप्रिल-मे महिन्यात तलावाचा किंवा बोडीचा गाळ काढताना फावड्याखाली कधी कधी एक चपटा, मातकट गोळा येतो. डोकं दिसत नाही, पाय दिसत नाहीत. कोणीतरी म्हणतं, "मेलं वाटतं, फेका." पण थांबा. ते बहुधा जिवंत असतं.

आपल्या नागपूरकडच्या तलावांत, कालव्यांत आणि रामटेक-मौद्याकडच्या धानाच्या बांध्यांत राहणारं हे कासव इंग्रजीत फ्लॅपशेल म्हणून ओळखलं जातं. फ्लॅप म्हणजे झडप. त्याला उलटं न करता खालून पाहिलं, तर मागच्या पायांवर कातडीच्या दोन झडपा दिसतात. पाय आत घेतले की झडपा बंद! पाणी आटायला लागलं की ते चिखलात खोल शिरतं. श्वास मंदावतो, हालचाल थांबते आणि अंगातल्या चरबीवर ते पावसाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहतं. अमेरिकेतलं चावरं स्नॅपिंग कासव हेच हिवाळ्यात करतं, बर्फाखालच्या चिखलात. त्याची पोटाकडची ढाल इतकी लहान असते की अंग आत घेताच येत नाही, म्हणून जमिनीवर ते चटकन चावतं.

आपलंही चावतं बरं का. दात नाहीत, पण जबड्याची कड धारदार आणि मान लांब. म्हणून बाजूने धरू नका, शेपटीने तर मुळीच उचलू नका. पाठीच्या मागच्या कडेला दोन्ही हातांनी धरून ओल्या गोणपाटावर, घमेल्यात ठेवा. त्याच तलावाच्या न खणलेल्या, ओल्या कोपऱ्यात सोडा आणि हात साबणाने धुवा. जखमी असेल तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. पाणी स्वच्छ राहील म्हणून ते विहिरीत टाकायची पद्धत आहे, ती आम्हाला पटत नाही. बांधलेल्या विहिरीतून त्याला वर येता येत नाही आणि मादीला अंडी घालायला माती लागते. काठाची माती उकरून ती लहान लिंबाएवढी गोल, पांढरी अंडी घालते. पिल्लं निघायला कधी नऊ महिन्यांहून जास्त लागतात, म्हणून काठ खणताना अशी अंडी दिसली तर माती परत लोटा.

"पण मासे खातं ना?" मासेमारीचा तलाव घेतलेल्या गटांतल्या बाया विचारतात. खातं, पण त्यासोबत गोगलगायी, किडे, बेडकांची पिल्लं, पाणवनस्पती आणि मेलेलं, सडकंही खातं. गुरांच्या यकृतातल्या चपट्या कृमी गोगलगायींमुळेच पसरतात, हेही हिशेबात धरा.

वीस नखांचं कासव असलं की गुप्तधन सापडतं, असं सांगत फिरणारे लोक गावात येतात. याच्या एकेका पायाला नखं तीनच. चार पायांची मोजा, बारा होतात. महादेवाच्या देवळात नंदीपुढच्या दगडी कासवाला आपण हात जोडतो, आणि जिवंत कासव दलालाला विकलं जातं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार ते पहिल्या अनुसूचीत आहे. पकडणं, पाळणं, विकणं, खाणं, सगळंच गुन्हा. शिकारीला किमान 3 वर्षांची कैद आणि किमान 25 हजारांचा दंड होऊ शकतो. दलाल पळून जातो आणि पोतं ज्याच्या घरात सापडतं, त्याच्यावर पहिली केस होते.

गाळ काढायला लागण्याआधी मुकादमाला एवढं सांगून ठेवा: यंत्र लावायचं असेल तर एका बाजूचा ओला कोपरा शेवटी घ्या.