तारामासा : समुद्राच्या पाण्यावर चालणारे शरीर



तारामासा हा मासा नाही. मराठीत त्याला तारामीन असेही म्हणतात. पण मीन म्हणजेही मासाच! खरे तर त्याला ना पाठीचा कणा, ना पर, ना शेपटी. तो कंटकचर्मी, म्हणजे काटेरी कातडीच्या प्राण्यांच्या संघात मोडतो. काट्यांच्या चेंडूसारखे दिसणारे सी-अर्चिन आणि समुद्रकाकडी हे त्याचे नातलग. जगात तारामाशांच्या सुमारे १९०० जाती आहेत आणि त्या सर्व समुद्रातच राहतात. नदीत किंवा तळ्यात एकही सापडत नाही. असे का, याचे उत्तर त्याच्या शरीररचनेत आहे.

बहुतेक तारामाशांना पाच भुजा असतात. काही जातींना जास्त, तर सूर्यफूल तारामाशाला चोवीसपर्यंत असतात. भुजा जिथे मिळतात त्या मधल्या चकतीच्या खालच्या बाजूस तोंड असते. वरच्या बाजूस नीट पाहिले तर एक फिकट ठिपका दिसतो. ही बारीक छिद्रांची चाळणी असते. तिच्यातून समुद्राचे पाणी आत येते, तोंडाभोवतीच्या गोल नळीत जाते आणि तिथून प्रत्येक भुजेतील नळीत पोहोचते. या नळ्यांना शेकडो मऊ, पोकळ पाय जोडलेले असतात. त्यांना नलिकापाद म्हणतात. प्रत्येक पायाच्या वर एक लहान फुगा असतो. औषधाच्या ड्रॉपरचा रबरी फुगा दाबला की थेंब पुढे जातो, तसाच हा फुगा आवळला की पाणी पायात उतरते व पाय लांब होतो. पायाच्या टोकाला चिकट द्रव सुटतो व तो खडकाला धरतो. पाय सोडवण्यासाठी दुसरा द्रव असतो. तारामासा चालतो तो असा, पाण्याच्या दाबावर.

आपल्यासारखे रक्त त्याला नाही. शरीरातील पोकळीत जो द्रव असतो तो जवळजवळ समुद्राच्या पाण्यासारखाच असतो. श्वसनही नलिकापादांतून आणि कातडीवरील नाजूक फुगवट्यांतून होते. मूत्रपिंड नसल्यामुळे क्षारांचे प्रमाण तो स्वतः सांभाळू शकत नाही. म्हणूनच गोड्या पाण्यात तो जगत नाही.

मेंदूही नाही. तोंडाभोवती मज्जातंतूंचे एक कडे व प्रत्येक भुजेत एक शाखा, एवढ्यावर सारा कारभार चालतो. कोणतीही भुजा पुढारी होऊ शकते. भुजेच्या टोकाला साधा डोळा असतो. त्याला बारकावे दिसत नाहीत, पण उजेड-अंधार व मोठ्या आकृती कळतात. २०२३ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या संशोधनात शास्त्रज्ञांनी त्याची जनुके तपासली. इतर प्राण्यांत डोके घडवणारी जनुके तारामाशाच्या भुजांभर काम करताना आढळली. धड घडवणाऱ्यांचा बाह्य कातडीत मागमूस नव्हता. म्हणजे ज्याला डोके नाही असे आपण समजत होतो, तो जवळजवळ सगळा डोकेच निघाला!

त्याचे जेवणही निराळे. शिंपल्याला भुजांनी मिठी मारून तो सतत ओढत राहतो. थोडीशी फट पडली की आपले जठर तोंडातून बाहेर काढून त्या फटीत घालतो, शिंपल्यातील जीव तिथेच पचवतो आणि जठर परत आत घेतो. तुटलेली भुजा त्याला पुन्हा फुटते, मात्र त्यासाठी महिने, कधी वर्षेही लागतात.

असा हा संथ प्राणी किनाऱ्यावर काय काम करतो? अमेरिकेतील रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञांनी १९६३ पासून वॉशिंग्टन राज्याच्या एका खडकाळ किनाऱ्यावरील ठरावीक पट्ट्यातून तारामासे काढून टाकायला सुरुवात केली. तारामाशांचे खाद्य असलेले शिंपले तिथे माजले, त्यांनी जागा बळकावली आणि पंधरा जातींच्या जागी आठच उरल्या. १९६९ साली पेन यांनी अशा प्राण्यांना कमानीच्या माथ्यावरील दगडाची उपमा दिली. तो निखळला की कमान ढासळते.

२०१३ पासून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हे मोठ्या प्रमाणावर घडले. एका रोगाने तारामासे अक्षरशः विरघळू लागले. सूर्यफूल तारामासे नव्वद टक्क्यांहून अधिक नष्ट झाले. ते खात असलेले सी-अर्चिन वाढले आणि त्यांनी केल्प या उंच समुद्रशैवालाची वने फस्त केली. पाणी तापल्याने ती वने आधीच दुबळी झाली होती. रोगाचे कारण एक जिवाणू असल्याचे २०२५ साली, म्हणजे बारा वर्षांनी कळले.

हे सर्व आम्ही सांगतो आहोत त्याला कारण आहे. आपल्या बडोद्याहून अनेक कुटुंबे व शाळा कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान पाहायला जातात. १९८२ साली घोषित झालेल्या या उद्यानात, वाडीनारजवळच्या नरारा येथे, ओहोटीच्या वेळी खडकांतून चालत जाऊन समुद्री जीव पाहता येतात. तिथे तारामासा दिसला की हातावर घेऊन फोटो काढण्याचा मोह सर्वांना होतो. पण पाणी हेच त्याचे रक्त, पाणी हाच त्याचा श्वास आणि पाणी हेच त्याचे पाय. तो हात-पाय झाडत नाही, ओरडत नाही, म्हणून त्याला काही होत नाही असे वाटते, एवढेच.

तेव्हा विद्यार्थ्यांनी तो पाण्यातच राहू द्यावा. गुडघे टेकून पाहिले तर नलिकापादही दिसतील. पालकांना विनंती, की दुकानात वाळवलेला तारामासा शोभेसाठी घेऊ नये. आणि विश्वस्त मंडळींनी सहलीच्या सूचनापत्रात या दोन ओळी अवश्य घालाव्यात, असे आम्ही सुचवतो.