एकदा दुरुस्त केलेले दार

बेळगाव धर्मप्रांतातील हुबळी-धारवाड ही जोडशहरे विद्येसाठी व रेल्वेसाठी प्रसिद्ध आहेत. २००३ सालापासून हुबळीस दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे, तर २०१५ साली धारवाडास भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. तिकडे शिकणारा मुलगा सुटीत घरी येऊन संगणकाच्या गोष्टी सांगू लागला, म्हणजे आईबापांस वाटते, हे आपले काम नव्हे. परंतु वाचकहो, बँकेतील आपली ठेव, आगगाडीचे तिकीट, मुलांची गुणपत्रिका ही सर्व आज संगणकांतच जतन केलेली असतात. त्यांच्या दारावरील राखणदार कसा आहे, हे प्रत्येक घरधन्याने जाणावयास नको काय?

अशा राखणदारांपैकी एक म्हणजे ‘ओपनएसएसएच’ नावाची आज्ञावली. १९९९ साली ओपनबीएसडी या प्रकल्पातील मंडळींनी ती तयार केली व जगास मोफत दिली. दूर बसलेला व्यवस्थापक जेव्हा संगणकात प्रवेश मागतो, तेव्हा त्याची ओळख पटवून त्यास आत घेणे, हे तिचे काम. आलेल्या माणसास ती ओळख देण्यासाठी साधारणतः १२० सेकंदांची मुदत देते. मुदत संपताच घंटा वाजते, आणि राखणदार हातातील काम तसेच टाकून ‘अमुक इसम परत गेला’ अशी नोंद वहीत करतो.

धोका होता तो येथेच. घंटा वाजली त्याच क्षणी राखणदार वहीची पाने लावीत असला, तर अर्धवट लावलेली पाने विसकटतात. धूर्त चोराने ही वेळ अचूक साधली, तर त्या पानांत तो आपलीच चिठ्ठी सरकवू शकतो. आणि राखणदार ती धन्याची आज्ञा समजून पाळतो. मग परवलीचा शब्द ठाऊक नसताही चोर घराचा मालक होऊन बसतो.

मार्क डाऊड या संशोधकाने हा दोष २००६ साली दाखवून दिला, आणि त्याच वर्षी तो दुरुस्तही झाला. परंतु ऑक्टोबर २०२० मध्ये नोंदवहीची व्यवस्था नव्याने लावताना, ज्या एका लहानशा ओळीने हे दार बंद राहत होते, ती अनवधानाने काढली गेली. कोणाच्या मनात पाप नव्हते. ती ओळ तेथे कशासाठी आहे, एवढाच विसर पडला होता.

पुढे क्वालिस या कंपनीच्या संशोधकांना ही फट आढळली. जुन्या धर्तीच्या संगणकावर त्यांनी प्रयोग केला, तेव्हा सरासरी सुमारे दहा हजार प्रयत्नांनी वेळ साधली गेली. त्यांनी प्रथम गाजावाजा न करता निर्मात्यांस कळविले. निर्मात्यांनीही चूक झाकून ठेवली नाही. १ जुलै २०२४ रोजी दोष व त्यावरील दुरुस्ती ही दोन्ही एकाच दिवशी जाहीर झाली. ज्यांना तत्काळ दुरुस्ती करणे शक्य नव्हते, त्यांना घंटाच बंद ठेवण्याचा तात्पुरता उपाय सांगण्यात आला. मात्र त्याने दारात रिकामटेकड्यांची गर्दी होऊन खऱ्या माणसाची वाट अडू शकते, ही सूचनाही देण्यात आली.

दुरुस्ती जाहीर झाली म्हणून ती आपोआप घरोघर पोहोचते, असे मात्र नव्हे. प्रत्येक व्यवस्थापकास ती आपल्या संगणकावर स्वतः बसवावी लागते. आपल्या हातातील मोबाईलवरही असे संदेश येतात, आणि आपण ‘नंतर पाहू’ म्हणून ते बाजूस सारतो. जाहीर झालेला दोष सज्जनांप्रमाणेच चोरांनाही कळलेला असतो, हे ध्यानात घ्यावे. तेव्हा पालकहो, असा संदेश फोन बनविणाऱ्यांकडूनच आला आहे ना, याची मुलांकडून खात्री करून घ्या, आणि त्याच दिवशी दुरुस्ती बसवा. अनोळखी माणसाने पाठविलेल्या दुव्यास मात्र हात लावू नका.

झाडून स्वच्छ केलेल्या घरात अशुद्ध आत्मा पुन्हा परत येतो, असा दृष्टांत प्रभू येशूने सांगितला आहे. पापनिवेदन करून आलेल्या माणसास त्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. दार एकदा दुरुस्त केले, म्हणजे काम संपले असे होत नाही. कडी कोठे आहे व ती कशासाठी लावली, हे घरातील प्रत्येकाने, विशेषतः नव्याने घर लावणाऱ्याने, स्मरणात ठेवले पाहिजे.