धबधब्याच्या मोसमात कोणते कापड विकावे?

पावसाळ्यात लग्नसराई संपते आणि आपल्या कापड बाजारात मंदी येते. परंतु याच दिवसांत पालघर जिल्ह्यातील डोंगरवाटा माणसांनी फुलतात. पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंड, जव्हार तालुक्यातील सुमारे ३०० फूट उंचीचा दाभोसा, वसईकडचा चिंचोटी येथे मुंबईपासून लोक येतात. कोठे गाडी जवळपर्यंत जाते, तर कोठे तास-दीड तास जंगलातून चालावे लागते. या माणसांना काय लागते, याचा विचार आपल्या दुकानदारांनी व दर्जी बंधूंनी फारसा केलेला नाही.

प्रथम कापडाचा स्वभाव पाहू. सुती धागा हवेतील ओलावाही शोषतो. साधारण हवेत त्यात वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो, नायलॉनमध्ये ४ टक्के, तर पॉलिएस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून उन्हाळ्यात सुती कापडासारखे सुख नाही. डोंगरात मात्र तेच उलटते. भिजलेली जीन्स जड होते, गुडघ्याला चिकटते, पाऊल उचलू देत नाही. शिवाय ओले कापड वाळताना अंगातील उष्णता ओढून घेते, त्यामुळे वाऱ्यात थंडी भरते. अशा वाटेसाठी पातळ पॉलिएस्टरची ढिली पँट व शर्ट बरा.

आपल्या भगिनींच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे आहे. लांब, जड कापडाचा बुरखा भिजला की घोट्यात अडकतो आणि शेवाळावर तोल जातो. 'निदा' नावाने मिळणारे हलके पॉलिएस्टर कापड लवकर वाळते. घोट्याच्या वर थांबणारी उंची आणि आत ढिली सलवार ठेवली, तर पडदाही राहतो व चालणेही सोपे होते. दर्जींनी अशी मापे आपणहून सुचवावीत.

आता रेनकोट. बाजारात 'वॉटरप्रूफ' या एकाच नावाखाली दोन प्रकारचा माल विकला जातो. एकावर फक्त पाणी ओघळावे अशी प्रक्रिया असते. सरी थांबवते, मुसळधार पाऊस नाही. दुसऱ्याच्या आतील बाजूस पीयू किंवा पीव्हीसीचा थर असतो. परीक्षा सोपी आहे. कापडाचा खोलगट द्रोण करून त्यात पेलाभर पाणी ओता व दहा मिनिटांनी खालून हात लावा. पीव्हीसी स्वस्त पडते, पण घाम आतच राहतो. चढावर माणूस आतून भिजतो.

कापड चांगले असूनही रेनकोट गळतो, तो शिलाईतून. सुईचे प्रत्येक छिद्र ही पाण्याची वाट असते. म्हणून बारीक सुई वापरावी, टाका फार जवळ घेऊ नये, खांद्यावर जोड टाळावा आणि शिलाईवर आतून पट्टी चिकटवावी. पॉलिएस्टरच्या गाभ्यावर सूत गुंडाळलेला दोरा मिळाल्यास उत्तम: सूत भिजून फुगते व छिद्र बुजवते, गाभा मजबुती देतो. उरलेल्या थरदार तुकड्यांतून सॅकची आवरणे आणि मोबाईलच्या पिशव्या होतात. त्यात भांडवल थोडे लागते.

मात्र माल विकताना सत्य सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे. पावसाने भिजलेले धान्य ढिगाच्या तळाशी ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते लोकांना दिसेल असे वर ठेवण्यास बजावले होते, हे हदीसमध्ये आले आहे. सरीपुरता रेनकोट असेल तर सरीपुरताच म्हणून विकावा. ज्याच्यावर गिऱ्हाईक डोंगरात विसंबणार, त्या मालात लबाडी म्हणजे केवळ पैशाची फसवणूक नव्हे.

आणि कोणतेही कापड पाण्याच्या ओढीपासून वाचवत नाही. जुलै २०२० मध्ये जव्हारजवळील काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडाले. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढते. पाणी गढूळ होऊ लागले की ताबडतोब बाहेर पडावे. पावसाळ्यात अनेक ठिकाणी प्रशासन बंदीचे हुकूम काढते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. रेनकोटची घडी हातात देताना एवढे दोन शब्द सांगितले, तर त्याला खर्च काहीच नाही, आणि बरकत त्यातच आहे.