महागाई कोणाच्या टोपलीची?

जुलै 2023 मध्ये शहरांतल्या टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली आणि देशाचा किरकोळ महागाई दर 7.44 टक्क्यांवर चढला. ग्राहक किंमत निर्देशांकात टोमॅटोचा भार तेव्हा होता अवघा 0.57 टक्के, म्हणजे शंभर रुपयांच्या खर्चात सत्तावन्न पैसे. पण त्याचा भाव वर्षभरात तिपटीवर गेल्यामुळे ढोबळ हिशेबानेसुद्धा एकट्या टोमॅटोने टक्काभर महागाई वाढवली. पुढच्या जुलैत दर साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला. टोमॅटो उतरला होता हे खरे, पण निर्देशांक 186 वरून 193 वर गेलेला होता. मागचा जुलै फार महाग असल्यामुळे त्या वर्षीची चढण कमी दिसली, एवढेच. दर उतरला म्हणजे बिल उतरले असे समजणाऱ्याची दरवर्षी फसगत होते.

हा आकडा दर महिन्याच्या 12 तारखेच्या सुमारास राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय जाहीर करते. त्यामागचे काम कष्टाचे आणि चिकाटीचे. 2012 हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत 1181 गावे आणि शहरांतले 1114 बाजार होते. तेच दुकान, तोच माल, तेच माप. दुकानदाराने ‘तो माल बंद झाला’ म्हटले की त्याच्या तोडीचा दुसरा शोधायचा. पुड्याची किंमत तीच ठेवून आतली बिस्किटे कमी केली, तर वजनाचा हिशेब करून ती दरवाढच धरायची. लोकांना वाटते आकडा इथे बिघडतो. मला तसे वाटत नाही. भाव बऱ्यापैकी नीट टिपले जातात. खरे भांडण आहे ते भारांचे.

या मालिकेत अन्नपदार्थ आणि पेयांचा भार 45.86 टक्के होता. गावाकडे 54.18, शहरात 36.29. भाजी आणि डाळ कडाडली की एकाच देशात दोन महागाया सुरू होतात आणि बातमीत येते ती त्यांची सरासरी. शिवाय हे भार 2011-12 च्या कुटुंबखर्च पाहणीवरून काढलेले. पुढची पाहणी 2017-18 ची. तिचे निष्कर्ष माहितीच्या दर्जाचे कारण देऊन सरकारने बाजूला ठेवले. परिणामी हातात स्मार्टफोन आलेला देश बरीच वर्षे टेपरेकॉर्डर असलेल्या टोपलीने मोजला जात राहिला. आणि याच आकड्यावर, 2016 पासून कायद्याने, रिझर्व्ह बँकेचे चार टक्क्यांचे लक्ष्य आणि पर्यायाने तुमचा गृहकर्जाचा हप्ता टांगलेला!

घरभाड्याची गंमत तर वेगळीच. सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्याचे भाडे म्हणून त्याला न मिळणारा घरभाडे भत्ताच धरला जाई. सातव्या वेतन आयोगानुसार 2017 मध्ये भत्ता वाढला आणि कागदावर घरे महागली. बाजारात कुणाच्या घरमालकाने पै वाढवलेली नसली तरी! अखेर फेब्रुवारी 2026 मध्ये 2024 पायाभूत धरून नवी मालिका आली. 2023-24 च्या पाहणीवर बेतलेल्या या टोपलीत अन्नाचा भार सुमारे 37 टक्क्यांवर आला आणि टेपरेकॉर्डर एकदाचा निवृत्त झाला.

टोपली आपोआप बदलत नाही, हे मुंबईच्या कामगारांइतके कुणाला ठाऊक नसेल. या शहरात कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक 1921 पासून निघतो. पहिल्याचा पाया होता जुलै 1914. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता त्याला जोडलेला, त्यामुळे निर्देशांकातला एकेक अंक पगाराच्या पाकिटात मोजता यायचा. साठीच्या दशकातही हिशेब 1933-34 च्या पायावरच चालू होता. बाजार एक सांगतो आणि निर्देशांक दुसरेच, अशी ओरड झाली. संघटनांच्या रेट्यामुळे 1963 मध्ये राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निर्देशांक महागाई कमी दाखवतो, या तक्रारीत तथ्य असल्याचे तिने मान्य केले. चाळीतल्या माणसाने संख्याशास्त्राशी दोन हात केले आणि जिंकला, असे प्रसंग फार नाहीत.

औद्योगिक कामगारांचा निर्देशांक आज सिमल्याचा श्रम ब्युरो काढतो. त्याचा पाया 1982, मग 2001, मग 2016 असा सरकत आला. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता यावरच ठरतो, तेव्हा त्याकडे लक्ष ठेवणारे डोळे भरपूर. याच ब्युरोचा शेतमजुरांसाठीचा वेगळा निर्देशांक आहे आणि रोजगार हमीच्या केंद्रीय योजनेत मजुरीची दरवर्षीची वाढ त्यावरून ठरत आली. त्याचा पाया 1986-87 चा आणि भार 1983 च्या पाहणीचे. त्या टोपलीत मोबाइलचे रिचार्ज कुठून असणार? तरी मराठवाड्यात रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या बाईची मजुरी 2025 पर्यंत त्याच टोपलीच्या हिशेबाने वाढत होती. त्या वर्षी पाया 2019 वर आला. त्यासाठी कुठे बंद पुकारला गेल्याचे मात्र आठवत नाही.